अडवलेल्या पाण्याकाठी : सोनारी ते नळदुर्ग या मुलखातील नदीविहाराचा इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, परंडा तालुक्यात, सीना नदीच्या खोऱ्यात सोनारी हे गाव असून काळभैरवनाथाच्या ठाण्यामुळे ते जिल्ह्याबाहेरच्या अनेक घराण्यांना कुलदैवताचे गाव म्हणून परिचित आहे. या देवाची मोठी यात्रा चैत्रात भरते, म्हणजे बालाघाटाच्या पायथ्याकडील नद्यांच्या पात्रांत बहुधा वाळूच उरलेली असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि रब्बीचे पीक घरी आल्यामुळे शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळालेली असते, अशा दिवसांत माणसे घराबाहेर पडतात. नदीकाठची हिरवळ, भरून वाहणारे पात्र आणि सावलीची झाडे ही सहलीसाठी आवश्यक मानली जाणारी सामग्री या ऋतूत येथे मिळत नाही, आणि तरीही गाव सोडून मोकळ्यावर जाण्याची, चार माणसांसोबत उघड्यावर जेवण्याची व पाण्याच्या आश्रयाला दिवस काढण्याची चाल या मुलखात फार जुनी आहे. ही चाल कशी घडली, तिला कोणत्या जागा लाभल्या आणि त्या जागा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेल्या, याचा मागोवा घेतल्यास कमी पावसाच्या प्रदेशातील आनंदाचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

या इतिहासाची पहिली अट भूगोलाने घातलेली आहे. बालाघाटाची डोंगररांग जिल्ह्यातून जाते आणि पावसाचे पाणी दोन दिशांना वाटून देते. मांजरा आणि तिला मिळणारी तेरणा या नद्या ते गोदावरीकडे नेतात, तर सीना आणि बोरी या नद्या ते भीमेकडे नेतात. सीना अहिल्यानगरच्या बाजूने येऊन परंड्याच्या शिवाराकडून सोलापूर जिल्ह्यात उतरते आणि हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते; शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील मराठी शिलालेखामुळे या संगमाला भाषेच्या इतिहासातही स्थान आहे. बोरी तुळजापूर तालुक्यातून नळदुर्गाला वळसा घालून अक्कलकोटकडे जाते. यांपैकी एकही नदी बारमाही नाही. खालचा काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही, पाऊस थोड्या दिवसांत पडून जातो, आणि पात्रात आलेले पाणी कोणी अडवले नाही तर दिवाळीनंतर त्याची आठवणच राहते. त्यामुळे कोकणात किंवा कृष्णेच्या काठी नदी जशी आपसूक विहाराची जागा होते, तशी ती येथे होत नाही; येथे विहार करायचा तर आधी पाणी अडवावे लागते, पीक पिकवावे लागते किंवा देवाच्या निमित्ताने माणसे एकत्र आणावी लागतात. या मुलखातील मोकळ्यावरचे सुख श्रमापासून कधीच सुटे झालेले नाही, हे सूत्र पुढील नऊ शतकांच्या प्रवासात सतत दिसत राहते.

या चालीसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतही तिचे वेगवेगळे थर दिसतात. ‘विहार’ हा संस्कृत शब्द स्वैर फिरण्याचा आणि क्रीडेचा अर्थ सांगतो. ‘यात्रा’ आणि तिचे लोकरूप ‘जत्रा’ हे शब्द देवाशी बांधलेले आहेत. ‘वनभोजन’ आणि कार्तिकात आवळीच्या झाडाखाली होणारे ‘आवळीभोजन’ हे शब्द झाड आणि अन्न यांना जोडतात. तर ‘सैर’ आणि ‘सहल’ हे अरबी मुळाचे शब्द फारसीच्या वाटेने दख्खनच्या दरबारी भाषेतून मराठीत रुळले, आणि त्यांपैकी ‘सहल’ या शब्दाचा मूळ अर्थ सोपे, विनासायास असा आहे. विनासायास हिंडणे ही कल्पना ज्या शब्दात आहे, तो शब्द सर्वांत उशिरा आला आणि सर्वांत अधिक रूढ झाला, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण या प्रदेशातील जुन्या चालींपैकी बहुतेकींमध्ये सायास गृहीतच धरलेले होते.

मोकळ्यावरच्या क्रीडांचे पहिले पद्धतशीर वर्णन या मुलखाच्या जवळच, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात झाले. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. ते नळदुर्गच्या पूर्वेस असून धाराशिवचा प्रदेश त्या सत्तेच्या छायेखाली होता. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा मानला जातो. वीस-वीस अध्यायांच्या पाच भागांत रचलेल्या या ग्रंथात राज्य मिळवण्यापासून ते टिकवण्यापर्यंत आणि भोगण्यापर्यंत सर्व विषय येतात, आणि पाचव्या भागात वीस क्रीडा सांगितल्या आहेत. त्यांत भूधरक्रीडा म्हणजे डोंगरावरील विहार, वनक्रीडा म्हणजे उपवनातील विहार, तोयक्रीडा म्हणजे पाण्यातील खेळ, शाद्वलक्रीडा म्हणजे हिरवळीवरील बैठक, वालुकाक्रीडा म्हणजे वाळवंटातील खेळ, ज्योत्स्नाक्रीडा म्हणजे चांदण्यातील विहार आणि सस्यक्रीडा म्हणजे उभ्या पिकाच्या सान्निध्यात केलेला विहार यांचा समावेश आहे. येथे ‘वाळवंट’ हा शब्द पंढरपूरच्या अर्थाने, म्हणजे नदीपात्रातील वाळूचा पट्टा या अर्थाने घ्यावयाचा आहे. हिरवळ, वाळू, पाणी, चांदणे आणि पीक यांना वेगवेगळी नावे देऊन प्रत्येकाचे सुख वेगळे ओळखणारी ही यादी दख्खनच्या ऋतुचक्रातून आलेली दिसते, कारण ज्या प्रदेशात हिरवळ बाराही महिने टिकते, तेथे हिरवळीची म्हणून वेगळी क्रीडा सांगण्याची निकड भासत नाही. मात्र या क्रीडा राजाच्या आहेत. त्यांत राणीवसा आहे, दरबारी आहेत, आणि ज्यांनी बाग शिंपली व पीक उभे केले ते लोक पार्श्वभूमीलाच आहेत.

त्याच शतकात, तेथून फार दूर नसलेल्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, पाण्याचा दुसराच विचार आकाराला येत होता. शिवयोगी सिद्धराम हे बसवेश्वरांच्या समकालीन शरण परंपरेतील मोठे नाव असून त्यांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला आणि पाण्याच्या कामाला उपासनेचे मोल दिले, अशी परंपरा आहे. सिद्धेश्वर मंदिराभोवतीचा तलाव आजही सोलापूरकरांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याची जागा आहे, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा त्याच परिसरात भरते. मानसोल्लासातील राजा सिद्ध झालेल्या पाण्याकडे क्रीडेसाठी जातो, तर सिद्धरामांच्या परंपरेत लोक आधी पाणी सिद्ध करतात आणि मग त्याच्या काठी बसतात. बाराव्या शतकात शेजारी शेजारी असलेल्या या दोन धारणा, म्हणजे राजाचा विहार आणि लोकांचा तलाव, पुढे बराच काळ वेगळ्या वाटांनी चालत राहिल्या, आणि त्या एकमेकींना भेटल्या ते बोरीच्या काठावर.

चालुक्य आणि यादव यांच्यानंतर हा मुलूख बहमनी सुलतानांकडे आणि त्यांच्या विभाजनानंतर अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांच्या सीमेवर आला. सीमेवरच्या मुलखात पाणी अडवण्याचे पहिले कारण संरक्षण हे असते. सोनारीच्या तालुक्याचे गाव असलेला परंडा हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला. अशा किल्ल्याला डोंगराचा आधार नसल्यामुळे खंदक हेच त्याचे पहिले बळ असते. इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला पुढे करून राज्य सावरले, तेव्हा काही काळ परंडा हीच निजामशाहीची राजधानी होती; आणि विजापुरात आज पाहावयास मिळणारी मलिक-ए-मैदान ही तोफ १६३२ मध्ये तेथे नेली जाण्यापूर्वी परंड्याच्या किल्ल्यावर होती. अशा ठिकाणचे साठलेले पाणी शिबंदीसाठी आणि शत्रूला अडवण्यासाठी होते. त्याच्या काठी बसण्याची मुभा रयतेला असण्याचे कारण नव्हते.

नळदुर्गातही आरंभ संरक्षणातूनच झाला. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या मार्गावर, सोलापूरपासून सुमारे पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर अंतरावर, बोरी नदीच्या दरीत पुढे आलेल्या काळ्या पाषाणाच्या सपाट उंचवट्यावर हा किल्ला आहे. नल राजा आणि दमयंती यांच्या कथेशी त्याचे नाव जोडणारी लोककथा प्रचलित आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास अली आदिलशहा पहिला याच्या काळात त्याची तटबंदी दगडी व भक्कम झाली. बोरीच्या प्रवाहाला किल्ल्याच्या कडेने वळण देऊन तिचाच खंदक करण्यात आला, आणि दरीपलीकडील रणमंडळ या लहान किल्ल्याला मुख्य किल्ल्याशी जोडणारा दगडी बंधारा घालून पाणी साठवण्यात आले. हा बंधारा एकाच वेळी भिंत, पूल आणि धरण आहे. त्याच्यावरून सैनिक एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जाऊ शकत होते, त्याच्यामुळे शिबंदीला उन्हाळ्यातही पाणी मिळत होते, आणि शत्रूला दरीतून वर येणे अवघड होत होते.

या लष्करी बांधकामाच्या पोटातच पाणीमहाल आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३ मध्ये, तो पूर्ण झाला, आणि त्याचा कर्ता म्हणून मीर इमादीन याचे नाव सांगितले जाते. बंधाऱ्याच्या माथ्यावरून दगडी पायऱ्या आतल्या आत उतरत भिंतीच्या पोटातील एका दालनात जातात, आणि त्या दालनाला नदीच्या वाहत्या बाजूकडे उघडणारी कमानदार गवाक्षे आहेत. जलाशय भरून पाणी माथ्यापर्यंत चढले की ते दोन ठिकाणी ठेवलेल्या वाटांनी खाली कोसळते. लोकांनी या दोन प्रपातांना नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. कोसळणारे पाणी गवाक्षांच्या पुढून पडद्यासारखे खाली जाते आणि आत बसलेल्या माणसाला पाण्याच्या मागून दरी दिसते, पण त्याच्या अंगावर थेंब येत नाही. भिंतीच्या आत पोकळी ठेवूनही तिच्यामागचा पाण्याचा दाब तिने शतकानुशतके पेलावा आणि दालन कोरडे राहावे, यासाठी दगडांची सांधेजोड, चुन्याची प्रत आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या कडेची ठेवण या तिन्ही गोष्टी काटेकोर असाव्या लागतात. बांधकामाचे हे कसब दाखवण्याचा हेतू बांधणाऱ्यांच्या मनातही होता, कारण महालातील फारसी लेखाचा आशय असा सांगितला जातो की, हे पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल.

इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) हा संगीताचा मर्मज्ञ होता. ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह त्याच्या नावावर आहे, त्याने विजापूरजवळ नौरसपूर वसवण्यास घेतले, आणि त्याला लोक ‘जगद्गुरू’ म्हणत. त्याच्या राज्यात पाण्याला वास्तुरचनेत मानाचे स्थान होते. विजापूरच्या पूर्वेस कुमटगी येथील तलावाकाठचे आदिलशाही मंडप, त्यांतील कारंजी आणि वरून पाणी पाडण्याची व्यवस्था ही त्याच अभिरुचीची दुसरी खूण होय. कोरड्या पठारावर राज्य करणाऱ्या घराण्याला पाण्याचा आवाज हा ऐश्वर्याचा आवाज वाटला, तर त्यात नवल नाही. पण कुमटगी आणि नळदुर्ग यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कुमटगीचे मंडप सुखासाठीच बांधले गेले, तर नळदुर्गातील दालन धरण म्हणून आवश्यक असलेल्या भिंतीतच सामावले. तेथे संरक्षण, साठवण आणि सौंदर्य यांसाठी तीन वेगळी बांधकामे झाली नाहीत, एकाच भिंतीने तिन्ही कामे केली. मानसोल्लासातील तोयक्रीडा आणि सिद्धरामांच्या परंपरेतील साठवलेले पाणी यांचा संगम बोरीच्या काठावर झाला असे म्हणता येते, ते याच अर्थाने. तरीही महालाचा उंबरठा राजाचा व किल्लेदाराचाच राहिला.

इ. स. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि नळदुर्ग मोगलांकडे, पुढे अठराव्या शतकात हैदराबादच्या निजामाकडे गेला. इ. स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा पश्चिमेकडील मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, आणि या मुलखाचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध असलेल्या या लेखकाने किल्ल्यात वास्तव्य केले, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नळदुर्गचा पाषाणी उंचवटा, बोरीची दरी, बंधारा आणि त्याच्या पोटातील दालन यांचे वर्णन केले. तुळजापूर व नळदुर्ग या परिसराचा उपयोग त्याने ‘तारा’ या १८६३ च्या कादंबरीतही केला आहे. त्याच्या लेखनामुळे हे ठिकाण प्रथमच दूरच्या वाचकांसमोर प्रेक्षणीय स्थळ म्हणून आले. ज्या वास्तूकडे आतापर्यंत शिबंदी आणि सत्ता यांच्या दृष्टीने पाहिले जात होते, तिच्याकडे निसर्ग व वास्तुकला यांचा रसिक म्हणून पाहणारा परका पाहुणा आता आला होता. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला, नळदुर्ग जिल्ह्याचे ठिकाण राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते ठाणे धाराशिवला हलल्यावर किल्ल्याची वर्दळ ओसरली.

दरबार आणि अधिकारी यांच्या या इतिहासाशेजारी लोकांचा इतिहास आपल्या गतीने चालत होता, आणि त्याची वेळापत्रके पंचांगाने ठरवलेली होती. नळदुर्गजवळ बोरीच्या काठी मैलारपूर येथे खंडोबाचे स्थान आहे. या देवाची रीत अशी की, त्याची मूर्ती वर्षातील सव्वादहा महिने जवळच्या अणदूर गावी राहते आणि हिवाळ्यातील पावणेदोन महिने मैलारपूरला येते. देव नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्ही गावांमध्ये लेखी करार करण्याची प्रथा आहे. पौष पौर्णिमेला मैलारपुरात मोठी यात्रा भरते. देवाने ठरावीक दिवस नदीकाठी मुक्कामाला यावे आणि त्याच्या मागोमाग माणसांनीही यावे, या रीतीत विहार आणि उपासना यांना वेगळे करणारी रेषा काढता येत नाही. पावसाळ्यात साठलेले पाणी जलाशयात अद्याप असते, थंडी असते, ज्वारी कणसावर येत असते, आणि अशा वेळी नदीकाठचा मुक्काम देवालाही सुखाचा ठरावा, अशी या रीतीमागची लोकभावना वाटते.

याच हंगामात येणारी वेळ अमावास्या ही धाराशिव व लातूर या जिल्ह्यांची आणि सोलापूर, बीड व नांदेडच्या काही भागांची खास चाल आहे. मार्गशीर्षातील अमावास्येला, म्हणजे बहुधा डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी, घरातील सर्व माणसे शेतावर जातात. लोक तिला ‘येळवस’ म्हणतात. सीमेपलीकडे कन्नड मुलखात हीच अमावास्या ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणून पाळली जाते, आणि कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. मराठीतील नाव त्याच्याशी नाते सांगते. पूजेच्या वेळी शेतात घुमणाऱ्या आरोळीतही कन्नड वळण जाणवते, आणि भाषांची सीमा कोठेही असली तरी शिवाराची रीत एकच आहे याची ती साक्ष होय. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या तिरक्या उभ्या करून लहानशी झोपडी केली जाते, तिला ‘कोप’ म्हणतात. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडले जातात आणि त्यांची व काळ्या आईची पूजा होते. ताकात ज्वारीचे पीठ शिजवून केलेली आंबील मातीच्या लहान भांड्यात, म्हणजे बिंदगीत, भरून आणलेली असते; तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, शेंगदाणे व पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर हे त्या दिवसाचे जेवण असते. आंबील शिवारात शिंपडली जाते, आल्यागेल्याला हाक मारून पंगतीला बसवले जाते, मुलांसाठी झाडाला झोका बांधला जातो, आणि दिवस कलल्यावर कडब्याची पेटती पेंढी पिकाभोवती फिरवून लोक घरी परततात.

मानसोल्लासाने ज्या विहाराला सस्यक्रीडा म्हटले, त्याचे लोकरूप या चालीत दिसते, मात्र येथे क्रीडेचा धनी राजा नसून पीक उभे करणारा कुणबी आहे, आणि पीक हे त्याच्या डोळ्यांचे सुख असण्याआधी त्याच्या वर्षाची भाकरी आहे. या दिवशी लातूर आणि धाराशिव येथील बाजारपेठा ओस पडतात, जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देते, आणि ज्या शहरी कुटुंबाकडे शेत नाही त्याला शेत असलेल्या ओळखीच्या घरचे आमंत्रण असते. आमंत्रण देणे हा त्या दिवशीच्या आचाराचा भाग समजला जातो. शहरातून मोकळ्यावर जाण्याची इतकी व्यापक आणि इतकी समान रीत महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. तिच्यासाठी उद्यान घडवावे लागले नाही, तिकीट लावावे लागले नाही. रब्बीचे शिवार हेच त्या दिवसापुरते सर्वांचे उपवन होते.

हिवाळ्यात येळवस आणि मैलारपूर, तर उन्हाळ्यात सोनारी, असा हा क्रम पुढे सरकतो. चैत्रात तेरणाकाठच्या तेर येथे संत गोरोबाकाकांची यात्रा भरते, आणि परंडा तालुक्यात सोनारीच्या काळभैरवनाथाची. सोनारीचा देव कुलस्वामी असल्यामुळे येथे येणारा माणूस एकटा येत नाही. नवे जोडपे, जावळाचे मूल, सासरी गेलेली लेक आणि वडीलधारी माणसे असा सगळा गोतावळा नवस फेडण्यासाठी व कुळधर्म पार पाडण्यासाठी येतो, रथोत्सव पाहतो आणि नैवेद्याचे जेवण मोकळ्यावरच करतो. बैलगाड्यांच्या काळात हा प्रवास दोन-चार दिवसांचा होता आणि वाटेतले मुक्काम पाणी कोठे मिळेल यावर ठरत. विहीर, बारव किंवा नदीपात्रातील झरा हे त्या प्रवासाचे खरे नकाशे होते. ‘झरा’ म्हणजे कोरड्या वाळूत हाताने खड्डा करून वर येऊ दिलेले पाणी. मानसोल्लासात जी वाळू राजाच्या खेळासाठी होती, तीच वाळू यात्रेकरूला पाणी पाजत होती. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात पाण्याचा एवढा थोडा आधार घेऊन हजारो माणसे आनंदाने एकत्र येत, यावरून या चालीचे मूळ निसर्गाच्या समृद्धीत नसून आप्तांच्या भेटीत व श्रमाच्या विसाव्यात आहे, हे ध्यानात येते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोलापूर आणि नळदुर्ग यांच्यामध्ये एक राजकीय सीमा होती. सोलापूर मुंबई इलाख्यात, गिरण्या आणि रेल्वे असलेले औद्योगिक शहर, तर नळदुर्ग निजामाच्या संस्थानात. सीमा ओलांडताना संस्थानच्या जकातीला, म्हणजे करोडगिरीला, तोंड द्यावे लागे. सोलापूरकरांना पाण्याकाठी जायचे तर शहरातील सिद्धेश्वर तलाव किंवा तुळजापूरच्या वाटेवरील, १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुखचा तलाव जवळचा होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादवरील कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने पहिल्याच दिवशी बोरीवरील पूल न मोडता ताब्यात घेतला आणि नळदुर्गजवळ संस्थानी फौजेशी पहिली मोठी चकमक झाली. सतराव्या शतकात ज्या नदीने किल्ल्याचे रक्षण करायचे होते, तिच्यावरील पुलाने विसाव्या शतकात मुक्तीची वाट मोकळी केली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये सोलापूर व धाराशिव हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्राचे झाले. त्यानंतर सोलापूरचा गिरणी कामगार, शाळेची सहल आणि तुळजापूरहून परतणारा भाविक नळदुर्गच्या बंधाऱ्यावर विनापरवाना उभा राहू शकला, आणि तीन शतकांनंतर पाणीमहालाचा उंबरठा सर्वांसाठी खुला झाला.

स्वातंत्र्यानंतर पाणी अडवण्याचे काम राज्याने हाती घेतले. परंड्याजवळ सीनेवर सीना-कोळेगाव धरण झाले, बोरीवरही धरणे झाली, आणि त्यांच्या काठी सुट्टीच्या दिवशी माणसे जाऊ लागली. राज्य संरक्षित स्मारक असलेल्या नळदुर्गची देखभाल स्मारक संगोपनाच्या शासकीय योजनेखाली २०१४ च्या सुमारास खासगी सहभागातून सुरू झाली. किल्ल्यात बाग फुलवण्यात आली, पायवाटा सावरल्या गेल्या आणि नौकाविहाराची सोय झाली. नर-मादी वाहू लागल्याची बातमी आली की सोलापूर, धाराशिव, लातूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून माणसांची रीघ लागते. ‘सहल’ या शब्दाचा विनासायास हा मूळ अर्थ आता कोठे पुरता खरा झाला आहे. पण ज्या सायासांवर ही सहज मिळणारी गोष्ट उभी आहे, ते विसरण्याचा धोकाही यातच आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेव्हा या मुलखातील पाण्याची खरी किंमत देशाने पाहिली. आणि पाणीमहालाच्या दगडात नाव कोरण्याचे, प्रपाताच्या काठी प्लास्टिक टाकून जाण्याचे किंवा नदीचे पात्र अरुंद करून काठ सजवण्याचे प्रकार जेथे जेथे घडतात, तेथे तेथे या इतिहासाचा धागा तुटतो.

नदीकाठचे उद्यान म्हणजे नदीचे पाणी, काठची जमीन आणि ते दोन्ही राखणारी माणसे यांच्यातील करार आहे, असे या मुलखाचा अनुभव सांगतो. अणदूर आणि मैलारपूर देवाच्या मुक्कामासाठी जसा करार लिहितात, तसाच तो प्रत्येक पिढीने नव्याने लिहावयाचा असतो. नळदुर्गच्या बंधाऱ्याने तो चार शतके पाळला आहे. ज्या वर्षी बोरीच्या पाणलोटात पुरेसा पाऊस पडत नाही, त्या वर्षी जलाशय माथ्यापर्यंत चढत नाही, नर-मादी कोरडेच राहतात आणि महालाच्या गवाक्षांतून फक्त दरीतला काळा पाषाण दिसतो. ज्या वर्षी ते वाहतात, त्या वर्षी विहिरींना पाणी असते, हिवाळ्यात कोपीभोवती ज्वारी उभी असते, आणि चैत्रात सोनारीच्या वाटेवरील झऱ्याला थोड्या खोलीवरच ओल लागते.